ग्रहणातली काकडी

ऐन ग्रहणात, शाळेच्या मैदानावर, सहा महिन्यांच्या गरोदर शलाकाने सगळ्या गावासमोर विळीवर काकडी चिरली.

"ग्रहणात चिरलं की बाळाचा ओठ फाटतो म्हणे," एकेकाळी तिला विज्ञान शिकवणारे आणि अंधश्रद्धेविरुद्धचा हा कार्यक्रम ठेवणारे सर हसून म्हणाले, "आता बघाच." टाळ्या पडल्या. सकाळपासून हातापाया पडून अडवणारी सासू डोळ्यांना पदर लावून निघून गेली.

कार्यक्रम आटोपताच सर घाईने घरी गेले. त्यांचा विसरलेला ग्रहणाचा चष्मा द्यायला शलाका मागोमाग पोचली. ग्रहण अजून सुटलं नव्हतं. आतल्या खोलीत, खिडकीला चादर लावून, सरांची गरोदर सून मांडीवर हात ठेवून न हलता बसली होती.

"घरच्यांचं मन मोडवत नाही गं," सर पुटपुटले.

शलाकाने चष्मा त्यांच्या हातात दिला. "सर, माझ्या सासूबाई काय परक्या होत्या?"