चोवीस नोंदी

मीनाक्षी मॅडम सोसायटीच्या फाटकाशी जीपमधून उतरल्या आणि धोंडीराम रेंगाळत त्यांच्यामागून उतरला. दिल्लीपासून गुरुग्रामपर्यंत त्याने त्यांना परतवायचे सगळे प्रयत्न करून पाहिले होते. ऊन फार आहे म्हणाला, जाम लागेल म्हणाला, पुढच्या गावातली विहीर याहून बघण्यासारखी आहे, असंही सांगून झालं. मॅडम प्रत्येक वेळी हसून "चलो ना, काका," म्हणत होत्या.

विहीर म्हणजे तरी काय, जमिनीत साठ मीटर उतरवलेला मनगटाएवढा लोखंडी पाइप. पूर्वी तो मोहरीच्या शेताच्या बांधावर उभा होता. दर तीन महिन्यांनी त्यात टेप सोडायची, टोक पाण्याला टेकलं की बझर वाजतो, तो आकडा वहीत लिहायचा आणि सही करायची. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर धोंडीरामला भूजल खात्यात हे काम मिळालं, आणि त्याने ते नेकीने केलं. मग शेत विकलं गेलं, टॉवर उभे राहिले आणि गार्डने त्याला आत सोडलं नाही. परवानगीचं पत्र आणा म्हणाला. धोंडीरामने ऑफिसात पत्र मागितलं, ते काही आलं नाही. शेवटी फाटकासमोरच्या टपरीवर बसून त्याने आकडा लिहून टाकला. मागच्या वेळेपेक्षा थोडा खाली. पहिलं खोटं जड गेलं. पुढची तेवीस चहाबरोबर उतरली.

एवढ्यावरही एक वेळ भागलं असतं. पण खात्याच्या दिल्ली ऑफिसातल्या या मॅडम कॉम्प्युटरवर सगळ्या जिल्ह्याचं दोन हजार पन्नास सालचं चित्र काढत होत्या. पाऊस किती पडेल, कुठली शेतं राहतील, कुठे इमारती येतील, कुठल्या गावाला किती वर्षं गहू करता येईल. त्यांच्या या मॉडेलशी बाकीच्या बेचाळीस विहिरींचे आकडे भांडत होते. ही एकटीच शहाण्या मुलीसारखी रेघेवर चालत होती. मॅडमनी तिच्यावर भरवसा टाकून बाकीचा हिशेब बसवला. उद्या रिपोर्ट वरच्या साहेबांकडे जायचा होता आणि त्यात त्यांना या विहिरीचा फोटो हवा होता.

"सगळ्यात क्लीन डेटा तुमचा आहे, काका. फोटोत तुम्हीही उभे राहा."

धोंडीरामने रुमालाने मान पुसली. पळून जावंसं वाटत होतं, आणि पळायला जागा नव्हती.

"कहाँ जाना है?" गार्डने विचारलं.

"पाइप देखना है. पानी नापनेवाला," धोंडीराम म्हणाला.

"कौन सा पाइप? पहली बार आए हो क्या?"

धोंडीरामने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मॅडमनी मात्र ऐकलं. त्यांनी आपलं ओळखपत्र दाखवलं, आणि सहा वर्षांत जे फाटक उघडलं नव्हतं ते दोन मिनिटांत उघडलं.

पाइप सापडला तो स्विमिंग पूलच्या मागे, जनरेटरच्या शेडला लागून. त्यावर कुणीतरी कुंडी ठेवली होती. मॅडमनी कुंडी उचलली, झाकणावरून बोट फिरवलं आणि ते बोट धोंडीरामपुढे धरलं. गंजाने लाल झालं होतं.

"दर तीन महिन्यांनी उघडलं जाणारं झाकण असं गंजत नाही, काका."

धोंडीरामची मान खाली गेली. "आत सोडत नव्हते, मॅडम. पत्र मागितलं होतं मी."

"मग आकडे?"

"अंदाजाने लिहिले. दर वेळी हातभर खाली. पावसाळ्यात वीतभर वर."

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं धोंडीरामला वाटलं. त्यांनी गार्डला पाना आणायला पाठवलं आणि तो येईपर्यंत पाइपाभोवती येरझाऱ्या घातल्या.

झाकण करकरत निघालं. "सोडा टेप," त्या म्हणाल्या. "आकडे मोठ्याने सांगा."

त्याची शेवटची नोंद एक्केचाळीस मीटरची होती. चाळीसपाशी तो टेप हळूहळू सोडायला लागला. आपलं खोटं आता तरी खरं होऊ दे, असं त्याने खंडोबाला मनोमन विनवलं. एक्केचाळीस गेलं. बझर वाजला नाही.

"सोडत राहा."

पंचेचाळीस. पन्नास. पूलमध्ये कुणीतरी धपकन उडी मारली आणि दोघंही दचकले. पंचावन्न. साठला टेप सैल पडली. टोक तळाला टेकलं होतं, बझर गप्प होता. धोंडीरामने भराभरा टेप वर ओढली. टोकाला धूळ होती, नुसती कोरडी धूळ.

"माझं मॉडेल इथलं पाणी दोन हजार सत्तेचाळीसपर्यंत पुरवतं," मॅडम पुटपुटल्या.

"मी हात आखडता घेतला होता, मॅडम," धोंडीराम कसाबसा म्हणाला. "एवढं खाली लिहवलंच नसतं माझ्याच्याने."

मॅडम पाइपाशी खाली बसल्या. त्यांनी त्याची वही मागून घेतली, सहा वर्षांची पानं मागे-पुढे उलटली. सुबक अक्षर, प्रत्येक आकड्यापुढे तारीख, प्रत्येक तारखेखाली सही.

"पाणी संपलं कधी, काका?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यांना उत्तर खरंच हवं होतं.

चोवीस तारखा घालून सही केलेल्या धोंडीरामला त्यातली एकही सांगता आली नाही.