मांडीचं माप

शिंप्याची पॅन्ट मांडीवर अडली, ती काही केल्या वर सरकेना.

पलंगाच्या कडेला बसून त्याने पुन्हा ओढून पाहिली. स्वतःच बेतलेली, स्वतःच शिवलेली पॅन्ट. शर्यतीच्या आधी ढगळ होत होती. काल बेचाळीस किलोमीटर धावून तो घरी आला, तेव्हा गळ्यात पदक होतं आणि पायांची लाकडं झाली होती. लाकडं होणारच, असं सगळे सांगत होते. सकाळपासून मेव्हणा त्याच्या चालण्याची नक्कल करत घरभर फिरत होता.

"दाजी, आज दुकानात नका जाऊ," मेव्हणा बाहेरच्या खोलीतून म्हणाला. "गिऱ्हाईक विचारेल, शिंपी कुठाय, मशीनवर हे बदक कुणी बसवलं?"

आई हसली. बायको हसली. शिंपीही हसला. हसलं नाही तर कुणीतरी आत येऊन विचारेल, काय झालं म्हणून.

झालं होतं ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. उठल्या उठल्या लघवी झाली ती कोऱ्या चहाच्या रंगाची. त्याने घाईघाईने पाणी ओतलं. बीट खाल्लं असेल, असं मनाशी म्हणाला. बीट घरात आलंच नव्हतं. मघाशी पुन्हा झाली, अगदी जराशी, आणि आणखी काळी. कुणाला बोललं नाही तर आपोआप निवळेल, बोललं की खरं होईल, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं होतं.

बायको आत आली. "अजून तयार नाही झालात?"

मग तिची नजर खाली गेली. दुकानात मापं तीच घ्यायची, टेप कायम गळ्यात. तिने टेप काढली, न विचारता त्याच्या मांडीला गुंडाळली आणि आकडा बघत तशीच वाकून राहिली.

"हे तुमचं माप नाही."

"सूज आहे. उतरेल."

तिने अंगठ्याने दाबून पाहिलं. मांडी दगडासारखी टणक. तो कळवळला.

"काल पळताना गोळ्या घेतल्या होत्या दुखण्याच्या?"

"गुडघा बोलायला लागला की एक घेत होतो."

"अहो, माझ्याकडे बघा. अजून काय आहे?"

तिच्याकडे बघणं काही त्याला जमलं नाही. भिंतीकडे तोंड करून त्याने रंग सांगितला.

बायको रागावली नाही, रडलीही नाही. तिने त्याच्या पायांत सैल पायजमा चढवला आणि भावाला हाक मारली, "गाडी काढ."

"कुठं, दुसऱ्या शर्यतीला?" म्हणत मेव्हणा दारात आला. बहिणीचा चेहरा पाहिला आणि एक शब्द न बोलता किल्ली शोधायला लागला. मेव्हणा गप्प झालेला शिंप्याने आजवर पाहिला नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "अति ताणाने स्नायू फुटलेत. त्यांची घाण रक्तातून किडनीत जाऊन बसतेय, आणि त्या गोळ्यांनी किडनीला आधीच दमवलंय. सलाईन जोरात सोडतोय. किडनी चालू राहिली तर घरी जाल. नाही राहिली तर डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागेल."

"कळणार कसं?" बायकोने विचारलं.

"लघवी सांगेल."

एकामागून एक बाटल्या संपत गेल्या. दुपार उलटली. नर्स दर खेपेला "झाली का?" विचारायची आणि तो नाही म्हणून मान हलवायचा. एवढं पाणी अंगात जात होतं, ते कुठं जिरत होतं कोण जाणे. मेव्हणा बाहेरच्या बाकावर शिंप्याच्या आईशी फोनवर बोलत होता, "काही नाही हो, थोडा थकवा आहे," आणि त्याचा आवाज आतपर्यंत ऐकू येत होता.

उन्हं कलली तेव्हा शिंप्याने बायकोची बाही ओढली. "चल."

एका हाताने सलाईनचा स्टँड ढकलत, दुसऱ्या हाताने त्याचा दंड घट्ट धरून तिने त्याला न्हाणीघरापर्यंत नेलं. नर्सने दिलेलं भांडं त्याच्यापुढे धरलं. तो भिंतीला टेकला.

"माझ्याच्याने नाही बघवणार," तो म्हणाला. "मी डोळे मिटतो. तू बघ."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग भांड्यात धार पडल्याचा आवाज आला, तुटत तुटत, मग सलग. आवाज थांबला तरी बायको बोलेना. शिंप्याने डोळे आणखी घट्ट मिटले.

दंडावरची तिची पकड हळूहळू सैल झाली.

"उघडा," ती म्हणाली. "रंग निवळलाय."