चाळीस दीर्घिकांतला डाग

शास्त्रज्ञांचं उत्तर आलं तेव्हा व्हॅनवाल्याचं जेवण अर्धवट होतं. शाळा सुटायला अजून तासभर होता. ताट बाजूला सारून त्याने ते वाचलं.

वर्षभर त्याची दुपार अशीच जायची. दुर्बिणीने टिपलेल्या दीर्घिका संगणकावर यायच्या. गोल कुठली, भोवऱ्यासारखी कुठली, ते बघून बटण दाबायचं. शास्त्रज्ञांसाठी हजारो हौशी लोक हे फुकटात करत. बायको म्हणायची, घरचं झालं थोडं आणि आभाळाने धाडलं घोडं. महिन्यापूर्वी एका दीर्घिकेच्या ऐन मध्यावर त्याला करडा डाग दिसला. मग दुसरीत, तिसरीत. चाळीस झाल्या तशी स्वारी हरखली आणि आपल्याला शोध लागला म्हणून यादी पाठवून मोकळी झाली.

उत्तर सभ्य होतं. ही चित्रं प्रत्येकी पंचवीस जणांनी पाहिली आहेत, डाग आणखी कुणालाही दिसलेला नाही, आपला स्क्रीन तपासावा.

त्याने स्क्रीन पुसला. डाग जागचा हलला नाही. बायकोला बोलावलं, तर ती म्हणाली, कुठे काय आहे, स्वच्छ तर आहे. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. बारीक काही बघायचं म्हटलं की नेम धरल्यासारखा डावा डोळा मिटायची त्याला जुनी खोड होती.

"दोन्ही डोळे उघडून बघा बरं."

डाग गेला. डावा मिटला, डाग आला. तो वळला तसा डाग भिंतीवर गेला. मग त्याने बायकोकडे पाहिलं. कान दिसले, केस दिसले, मधे चेहराच नव्हता.

एक डोळा तर शाबूत आहे, तो पुटपुटला. आता तोही तपासा, असं ती म्हणाली. त्याने उजव्या डोळ्यावर तळहात धरला, पण मिटलेला डावा उघडायचा धीर होईना. डॉक्टरकडे गेलो की व्हॅन बंद, आणि व्हॅन बंद तर खायचं काय, हे त्याला कळत होतं. महिनाभर सोळा पोरं मागे बसवून आपण चौक ओलांडत होतो, हेही आताच कळत होतं.

डोळे तसेच झाकून त्याने दुसऱ्या हाताने खिशातली व्हॅनची चावी काढली आणि अंदाजाने पुढे केली.

"ही ठेव. मी पाया पडलो तरी परत देऊ नकोस."