शिळी कळी

भाचीने अकराव्या ट्रेमधली रोपं तिसऱ्यांदा मोजली. दोनशे रोपं, दोनशेच्या दोनशे जांभळी. हिरव्या खोडाचं एकही नाही. तिला आनंद व्हायच्या आधी घाम फुटला. आता साहेब म्हणणार, भाचीनेच काहीतरी केलं असेल.

टोमॅटोचं संकरित बियाणं तयार करायचं हे काम. आईरोपाचं खोड हिरवं, बापरोपाचं जांभळं. संकर नीट झाला असला की रुजलेल्या रोपाचं खोड जांभळं निघतं. हिरवं निघालं तर समजायचं, फुलाने परस्पर आपलं आपण उरकून घेतलं. टोमॅटोच्या फुलात नर-मादी एकाच घरात नांदतात. म्हणून फूल उमलायच्या आदल्या दिवशी कळी उघडून पुंकेसर उपटून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी बापरोपाचे पराग आणून टेकवायचे. एक दिवस उशीर झाला की कळी शिळी. आत आधीच पराग सांडलेला असतो, मग वरून कितीही सोपस्कार करा.

अकरावी ओळ आत्याची होती. सगळं हरितगृहच तिला आत्या म्हणायचं, पण भाचीची ती सख्खी. आई गेल्यावर तिनेच भाचीला वाढवलं, शिकवलं, आणि भाची शिकून तिथेच तपासनीस झाली. सव्वीस वर्षं आत्याची बोटं कळ्यांत वावरत होती. गेल्या दोन वर्षांत तिची नजर हळूहळू गेली. डॉक्टरांनी हात टेकले. हे दोघींनाच माहीत होतं. मग एके दिवशी साहेबांच्या देखत आत्या लोखंडी खांबाला धडकली आणि खांबालाच म्हणाली, "सरक की गं जरा." बायका खो खो हसल्या. साहेब हसले नाहीत.

साहेब काही वाईट माणूस नव्हते, पण बियाण्याच्या बाबतीत त्यांनी सख्ख्या भावालाही सूट दिली नसती. त्यांनी निर्णय सांगून टाकला. आत्याच्या ओळीचं बी वेगळं पेरायचं. दोनशेत दोनपेक्षा जास्त हिरवी निघाली, तर आत्याने घरी बसायचं. आत्या निमूट कबूल झाली. त्या दिवशी चहा गाळताना मात्र ती भाचीला म्हणाली, "कळ्यांमध्ये मला काही कमी पडत नाही गं. घरी बसले ना, तर मी खरंच आंधळी होईन."

साहेब आत आले. ट्रेच्या झाकणावर स्वतःच्या सहीची कागदी पट्टी त्यांनीच चिकटवली होती आणि सकाळी त्यांनीच फाडली होती, त्यामुळे त्यांना बोलायलाही जागा नव्हती. ते बाही सरसावून बसले आणि एकेक रोप वाकवून स्वतः मोजू लागले. दोनशेपर्यंत आल्यावर त्यांनी चष्मा पुसला. मग बाकीचे ट्रे ओढले. तिथे हिरव्यांचा सुळसुळाट होता. एकात तेरा, एकात अठरा, सगळ्यांत तरबेज म्हणवणारीच्या ट्रेमध्ये बावीस. असलं बियाणं कधीच निघालं नव्हतं. साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी आत्याला बोलावून घेतलं.

आत्या टेबलाची कड धरून उभी राहिली. "हिरवी किती?"

"एकही नाही, आत्या," साहेब म्हणाले.

आत्या मटकन खुर्चीत बसली. काही न दिसणाऱ्या त्या डोळ्यांना रडणं मात्र अजून छान जमत होतं. भाचीनेही तिच्या गळ्यात पडून रडून घेतलं.  मग साहेबांनी हळूच विचारलं, हे जमलं कसं.

"वेळेवरची कळी बोटाला घट्ट लागते. शिळीचं टोक सैल पडतं," आत्या म्हणाली. "बायका सांगतात, यंदा वरच्या जाळीखाली पिवळंसुद्धा हिरवंच दिसतं. कळी पिवळी व्हायची वाट बघत बसतात बिचाऱ्या. मी कशाला वाट बघू?"

साहेबांनी मान वर करून काचेपलीकडच्या छताकडे पाहिलं. ती हिरवी जाळी यंदा त्यांनीच हौसेने बसवून घेतली होती. काढावी तर उन्हाने पराग जळणार. ठेवावी तर सगळ्यांचे डोळे फसणार.  मग त्यांनी उद्या सकाळी सगळ्यांना एकेक मोठा रुमाल घेऊन यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एकवीस बायका डोळ्यांवर रुमाल बांधून रोपांपुढे उभ्या होत्या. कुणाला हसू आवरत नव्हतं, कुणाचा हात भलत्याच पानावर पडत होता. ओळीच्या शेवटी साहेबही रुमाल बांधून उभे राहिले. आत्या एका टोकापासून निघाली. वाटेत खांब आला, तिने तो हाताने ओळखला आणि वळसा घातला. प्रत्येकीने निवडलेली कळी ती चिमटीत धरून पाही आणि "हं, जमतंय" म्हणून पुढे सरके. सगळ्यांत शेवटी तिने साहेबांच्या हातातली कळी चाचपली आणि ती थांबली.

"ही शिळी आहे, साहेब," आत्या म्हणाली. "डोळे उघडे आहेत वाटतं तुमचे."