दादाचा गळा

रेडिओ मेकॅनिकचा मेहुणा दर रविवारी रेडिओवर गायचा आणि बायको दर रविवारी मेकॅनिकला ऐकवायची, "दादाचा गळा गोडच आहे. तुमचा हा डबा आवाज फाडतो."

शेवटी मेकॅनिक हट्टाला पेटला. दुकानातले दोनशे सुटे, चिमुकले ट्रान्झिस्टर त्याने एकेक करून मीटरवर तपासले, आवाज अजिबात न फाडणारे दोनच निवडले आणि जुने काढून ते घरच्या रेडिओच्या प्रीअँपमध्ये, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या भागात, बसवले.

रविवारी अख्खं घर कान टवकारून बसलं. खरखर नाही, घरघर नाही. दादाचा एकेक सूर जसा गळ्यातून निघाला तस्साच घरात आला. गाणं संपलं तरी कोणी कोणाकडे बघेना.



बायकोने हळूच विचारलं, "अहो, ते जुने ट्रान्झिस्टर टाकून नाही ना दिलेत?"