दहेजातल्या दोन प्लेटा

"तार काढ, पोरी. बायका आल्या."

"नाही काढणार, डाडा."

लाल बख्शनं उशीवरून डोकं उचललं आणि तसंच टाकलं. सिंधमधल्या जेकबाबादचा जून, जीव घेणारा. घरात माणसं दोनच, हा आजा आणि त्याची नात हुरमत. परवा तिचा निकाह. तिच्याबरोबर अंगणातल्या दोन सोलर प्लेटा सासरी जाणार आणि इथला पंखा थांबणार. बाकी वीज कसली! दिवसातून दोन तास यायची. थंड खोलीत बसलेले साहेब सांगायचे, सहन करा.

दोन म्हशी विकून त्यानं प्लेटा घेतल्या तेव्हा गल्ली हसली होती. "म्हैस दूध देते. काच काय देणार, बख्शू?"

"वारा देईल," तो म्हणाला होता. रिकाम्या हातानं आलेल्या सुनेला इथं भाकरीबरोबर टोमणे वाढतात. ते त्याला नातीच्या ताटात नको होते.

निकाहाआधी दहेज अंगणात मांडायचं आणि मुलाकडच्या बायकांनी ते चाचपून बघायचं, ही इथली रीत. घाणेरडी रीत आहे, पण आहे. म्हणून छपरावरच्या प्लेटा खाली उतरवून, जरीची किनार लावून उन्हात टेकवल्या होत्या. तार मात्र खिडकीतून आत, पंख्याला गेलेली.

भागुल, नवऱ्या मुलाची विधवा आई, आपल्या तीन नणंदा घेऊन आली.

"फ्रीज नाही? मशीन नाही?"

"आरसा बरा आहे गं," धाकटी नणंद म्हणाली. "तोंड दिसतंय."

चौघी प्लेटांवर वाकल्या. ऊन अडलं. आत पंखा घरघरत थांबला आणि म्हाताऱ्याची धाप अंगणापर्यंत ऐकू आली.

"मासी, बाजूला व्हा! सावली पडतेय!" हुरमत किंचाळली.

"बघा! निकाहाआधीच सासूवर ओरडते!" थोरली नणंद फणकारली.

भागुल तारेमागोमाग आत गेली. खाटेवर म्हातारा घामानं निथळत होता.

"काही नाही, बहिणी. पंखा चालतो का बघत होतो," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "माल चोख आहे. खुशाल न्या."

बाहेर नणंदा बाजूला झाल्या तसा पंखा पुन्हा फिरू लागला. भागुल त्याखाली उभी राहिली.

"गेल्या जूनमध्ये माझा माणूस ओल्या चादरीखाली तडफडून गेला," ती हळूच म्हणाली. "पुठ्ठ्यानं वारा घालून घालून माझा हात गळाला होता."

मग ती अंगणात आली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"दहेज कमी पडतंय. मला खाट पण हवी."

हुरमतचा चेहरा उतरला. "मासी, घरात एकच खाट आहे. डाडाची."

"तीच. खाटेवरच्याला उठवू नका, आहे तसा खाटेसकट उचला. आणि लाल बख्श, नाही म्हणालास तर वरात परत नेईन!"

लाल बख्शनं दहेज मागणाऱ्या बायांना जन्मभर शिव्याच दिल्या होत्या. आज त्यानं दोन्ही हात वर केले आणि अशा एका बाईसाठी दुवा मागितली.