शेवटचा टेकू

"पहिला स्लॅब ज्याचा, शेवटचा टेकू त्यानंच काढायचा," म्हणत तुळशीराम मिस्त्रींनी केतकीच्या हातात हातोडा दिला.

साइट इंजिनिअर म्हणून तिला जेमतेम चार महिने झालेले. सळ्यांची मापं तिनं घेतली होती, कागदावर सही तिची होती. आता डोक्यावरचं सगळं काँक्रीट त्या एकाच टेकूवर उभं आहे, असं तिला वाटत होतं. डोळे मिटून तिनं हातोडा हाणला. टेकू आडवा झाला. तिनं हळूच एक डोळा उघडून वर पाहिलं. स्लॅब जागच्या जागी होता.

हातोडा टाकून ती जिन्यानं वर पळाली.

थोड्या वेळात मोठे साहेब आले आणि वरची दणदण ऐकून थबकले. "वर कोण नाचतंय?"

"लोड टेस्ट चाललीय, साहेब," मिस्त्री गंभीरपणे म्हणाले आणि आपलंही वजन घालायला जिना चढू लागले.